सेंट लॉरेन्स नदी आणि शमो बे : स्मॉलमाउथ बास कुठे आणि कसा शोधावा

जुलै २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या, सेंट लॉरेन्स नदीकाठच्या क्लेटन गावी बास या गोड्या पाण्यातल्या माशाची गळाने मासे धरायची मोठी स्पर्धा झाली. चार दिवस, दिवसाला पाच मासे. जिंकणाऱ्याच्या वीस माशांचं वजन भरलं १०२ पौंड ९ औंस, आणि ते सगळे स्मॉलमाउथ जातीचे बास होते. म्हणजे सरासरी एक मासा पाच पौंडांहून जड. तेव्हा याच पाण्यावर दिवसभर गळ टाकून कुणी रिकाम्या हाताने परतला, तर मासे नव्हते असं म्हणता येत नाही. मासे होते, जागा चुकली होती.

टोरांटो, ओटावा, सिरॅक्यूज इथली बरीच मराठी कुटुंबं याच नदीतल्या थाउजंड आयलंड्स या बेटांच्या भागात जातात, बोटीतून बेटं बघतात आणि परत येतात. त्यांच्यातल्या ज्याला गळाची ओढ आहे, त्याच्यासाठी हा लेख. हे पाणी अफाट आहे. ऑन्टारियो सरोवरातून निघताना नदी सेकंदाला सुमारे ७,००० घनमीटर पाणी वाहून नेते. मोजलेली बेटंच १,८६४ आहेत, आणि पाण्याखाली बुडालेल्या उंचवट्यांची गणती वेगळीच. सरोवराच्या पूर्व किनाऱ्यात घुसलेला शमो बे हा विस्तीर्ण फाटा यात धरलेला नाही. नशिबावर सोडून इथे काही सापडत नाही. शोधण्याची एक रीत मात्र आहे.

आधी मासा आणि त्याचं जेवण

स्मॉलमाउथचं अंग पितळी-तपकिरी, त्यावर उभे गडद पट्टे, डोळा बहुधा लालसर. जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे जात नाही. लार्जमाउथ या बासच्या दुसऱ्या जातीचं जातं. लार्जमाउथ पाणवनस्पतींत दडतो, तर स्मॉलमाउथला दगड, स्वच्छ पाणी आणि खोलीचा आधार लागतो.

तो काय खातो, यावर पुढचं सगळं ठरतं. पूर्वी त्याचं मुख्य खाणं क्रेफिश (गोड्या पाण्यातले शेवंडासारखे लहान जीव) आणि लहान मासे हे होतं. मग काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या परिसरातला राउंड गोबी मालवाहू जहाजांच्या तळटाकीतल्या पाण्याबरोबर इकडे आला. तो १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत प्रथम दिसला आणि दहाएक वर्षांत ऑन्टारियो सरोवरातही पसरला. आपल्या नद्यांतला खरपा ज्या कुळातला, त्याच कुळातला हा मासा. याला हवेची पिशवी नसते, त्यामुळे तो वर तरंगत नाही, सतत तळाला दगडांच्या फटींत चिकटून असतो. बासला बारमाही ताट मिळालं आणि मासे झपाट्याने वजनदार झाले. गोबीच्या आधी आलेल्या झेब्रा शिंपल्यांनी पाणी गाळून नितळ केलं. प्रकाश खोलवर जाऊ लागला आणि मोठे बासही पूर्वीपेक्षा खोल पाण्यात राहू लागले.

यातून दोन गोष्टी पक्क्या होतात. आमिष तळालगत हवं, आणि जिथे फटी असलेला दगड नाही तिथे वेळ घालवायचा नाही.

पाण्याचं तापमान बघा

कॅलेंडर फार उपयोगी पडत नाही, कारण उथळ बे नदीच्या मुख्य धारेच्या कितीतरी आधी तापतो. बोटीवर तापमान दाखवणारं यंत्र नसेल तर साधा पाण्यात बुडवायचा थर्मामीटर घ्या.

पाणी १५ ते १८ अंश सेल्सिअसला आलं की मासे अंडी घालायला उथळात येतात. नर शेपटीने वाळूमिश्रित खडी साफ करून गोल घरटं करतो, बहुधा एखाद्या मोठ्या दगडाच्या आडोशाला, उत्तरेच्या थंड वाऱ्यापासून सुरक्षित अशा जागी. अंड्यांवर आणि नंतर पिल्लांवर तोच पहारा देतो. या नराला गळाला लावू नका, मग नियमाने परवानगी असो वा नसो. तो घरट्यावरून हलला की गोबी टोळीने घुसून अंडी फस्त करतात. पकडून लगेच सोडला तरी तेवढ्या वेळात नुकसान होऊन जातं. वीस इंची मासा दहा वर्षांचा, कधी त्याहूनही म्हातारा असू शकतो, आणि पुढचे वीस इंची मासे याच घरट्यांतून येणार आहेत.

अंडी घालून झाली की मासे उताराकडे सरकतात. बेमधले बरेच मासे तोंडाकडे आणि बाहेरच्या बेटांच्या उंचवट्यांकडे जातात, नदीतले धारेतल्या खडकांवर स्थिरावतात. जुलै-ऑगस्टमध्ये १५ ते ३५ फूट हा पट्टा धरून चालायला हरकत नाही. ऑक्टोबरमध्ये पाणी पुन्हा १५ अंशांखाली जातं आणि मासे खोल उतारांच्या कडेला जमू लागतात. माझ्या मते वर्षातला उत्तम काळ हाच. मासे एकत्र असतात, पोट भरून खातात आणि सहलीच्या बोटींची गर्दीही ओसरलेली असते. मात्र या दिवसांत पाणी गार आणि वारे जोरदार असतात, म्हणून लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा.

घरी बसून नकाशा वाचा

अमेरिकेच्या बाजूचे जलनकाशे एनओएए या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. कॅनडाच्या बाजूचे कॅनेडियन हायड्रोग्राफिक सर्व्हिस काढते. नकाशा उघडलात की आधी हे ध्यानात घ्या की नदीचा आणि बेचा खडक मुळातच वेगळा आहे.

थाउजंड आयलंड्सचा भाग फ्रॉन्टेनॅक आर्च नावाच्या प्राचीन पट्ट्यावर आहे. खडक ग्रॅनाइट आणि नाइसचा, कठीण, गोलसर, हिमनद्यांनी घासलेला. पाण्याखालचे उंचवटे इथे एकदम वर येतात आणि तसेच एकदम खाली जातात. नकाशावर समखोलीच्या रेषा एकमेकींना खेटून दिसतात. शमो बेच्या भोवती चुनखडी आहे, आडव्या थरांची. तिथला तळ लांबवर सपाट जातो, मग दोन-तीन फुटांची पायरी, पुन्हा सपाट. नकाशावर ही पायरी नीट दिसतही नाही, पण मासे तिच्याच कडेला रांगेने असतात.

नदीत अशा जागा खुणा करून ठेवा जिथे चहूबाजूंनी खोल पाणी आहे आणि मधला उंचवटा १२ ते २५ फुटांपर्यंत येतो. बेटाच्या प्रवाहाकडच्या टोकापासून पाण्याखाली पुढे गेलेली सोंड दिसली तर तीही. बेमध्ये पॉइंट पेनिन्सुला या द्वीपकल्पाची टोकं, तोंडाजवळचे बुडीत उंचवटे आणि वाळू संपून दगड सुरू होतो त्या जागा. दहा-बारा खुणा पुरे. शंभर केल्या तर एकही नीट तपासून होणार नाही.

नदीत : धारेचं डोकं

नवखा माणूस खडकाच्या मागे, शांत पाण्यात गळ टाकतो. तिथेही मासा मिळतो, पण चांगले मासे बहुधा पुढच्या अंगाला असतात. धार उंचवट्यावर आपटते तिथे तळाशी पाण्याची एक मंद उशी तयार होते. बास तिथे फारशी ताकद न लावता उभा राहतो आणि वाहत येणारं खाणं त्याला सर्वांत आधी मिळतं. म्हणून उंचवट्याच्या वरच्या अंगापासून, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूपासून सुरुवात करा, मग दोन्ही कडा, शेवटी मागचा भाग.

धार कुठे आहे हे ओळखायला जहाजमार्गाचे बोये कामी येतात. बोया ज्या बाजूला कलतो तिकडे पाणी वाहतं आणि जितका कलतो तितका जोर जास्त. वारा नसताना पाण्यावर गुळगुळीत चकत्या आणि त्यांच्या कडेला सुरकुत्या दिसल्या तर खाली काहीतरी अडथळा आहे. धार फार मंद असेल त्या दिवशी मासे उंचवट्यावर पसरतात, जोर वाढला की दगडांना चिकटून बसतात.

बोट धारेबरोबर सोडा आणि आमिष बोटीच्याच वेगाने तळावरून जाऊ द्या. धारेला आडवं ओढलेलं आमिष माशाला परकं वाटतं. आणि जहाजमार्गात रेंगाळू नका. १९५९ मध्ये खुल्या झालेल्या या मार्गावरून समुद्रातली प्रचंड मालवाहू जहाजं जातात, त्यांना वळता येत नाही की थांबता येत नाही.

बेमध्ये : वारा

बेमध्ये नदीसारखी धार नाही, तिचं काम वारा करतो. एखाद्या टोकावर दोन दिवस एकाच बाजूने वारा येत असेल तर तिथे लहान मासे ढकलले जातात, लाटांनी प्रकाश मोडतो आणि नितळ पाण्यातला सावध बास धीट होतो. म्हणून सपाट, काचेसारख्या पाण्यापेक्षा बेताच्या लाटांचा किनारा निवडा.

याची दुसरी बाजूही आहे. वारा किनाऱ्याकडून सरोवराकडे सतत वाहिला की वरचं उबदार पाणी बाहेर लोटलं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. एका दिवसात तापमान कित्येक अंशांनी उतरतं. काल जिथे मासे होते तिथे आज एकही हलत नाही. अशा वेळी आमिष बदलत बसू नका. थर्मामीटर बघा आणि बेच्या आतल्या, अजून उबदार असलेल्या कोपऱ्यात जा.

गलू, स्टोनी ही बेटं सरोवराच्या उघड्या पाण्यात आहेत. त्यांच्या भोवती उन्हाळ्यात उत्तम मासे असतात, पण लहान होडीने तिकडे जाऊ नये. पश्चिमेचा वारा वाढला की सबंध सरोवराच्या लांबीवर चढलेल्या लाटा तिथे येऊन थडकतात.

तळ हाताला कळला पाहिजे

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. फिश फाइंडरचा पडदा खोली दाखवतो, कडक तळ जाड आणि उजळ रेषेत दाखवतो. पण पक्कं सांगतं ते दोरीच्या टोकाचं वजन. दहा पौंडी विणलेली दोरी, पुढे आठ पौंडी फ्लुरोकार्बनचा, म्हणजे पाण्यात सहज न दिसणाऱ्या दोरीचा तुकडा, आणि ड्रॉप-शॉट नावाची मांडणी : सगळ्यात खाली १० ते १४ ग्रॅमचं वजन, त्याच्या वर वीतभर अंतरावर गळ. धार जोरात असेल तर वजन वाढवा. शक्य तर टंगस्टन घ्या, ते कडक असल्याने तळ जास्त स्पष्ट कळतो आणि शिशाचं विषही पाण्यात जात नाही.

वजन तळावरून हळू ओढा. चिखल असेल तर जड, मऊ ओढ लागते. वाळूवर ते गुपचूप सरकतं. खडीवर बारीक टिकटिक येते. शिंपल्यांच्या थरावर खवणीवर नारळ फिरवल्यासारखी करकर हाताला जाणवते. मोठे दगड असले की टक, मग क्षणभर काहीच नाही, पुन्हा टक. मऊ तळ संपून टकटक सुरू होते त्या रेषेवर थांबा आणि तीच रेष धरून पुढे जा. जागा अशी सापडते.

आमिष गोबीच्या रंगाचं, म्हणजे तपकिरी किंवा मळकट हिरवं, तीनेक इंचांचं मऊ रबरी. तळाला खरवडत नेण्यासाठी ट्यूब जिग, म्हणजे आत वजनदार गळ बसवलेलं नळीसारखं रबरी आमिष, चांगलं. खरा जिवंत गोबी मात्र आमिष म्हणून वापरू नका. ऑन्टारियोत तो जिवंत बाळगणंच बेकायदा आहे.

एका जागेला वीस मिनिटं द्या. एक मासा लागला तर लगेच हलू नका, या पाण्यात मोठे बास सहसा एकटे नसतात. मिळालेल्या जागेची खोली, तळ आणि धारेची बाजू लिहून ठेवा आणि नकाशावर तशीच दुसरी जागा शोधा. पहिला मासा योगायोग असू शकतो. तिसरा तशाच जागी लागला की त्या दिवसाचं सूत्र हाती आलं.

बोट नसेल तर ब्रॉकव्हिलसारख्या गावी जा. तिथे किनाऱ्यालगतच खोल पाणी आहे. पहाटे किंवा संध्याकाळी, प्रवाहाच्या वरच्या दिशेला तिरकं टाकून आमिष धारेबरोबर खाली येऊ द्या.

परवाना, सरहद्द आणि मासा सोडताना

दोन देशांची सीमा नदीच्या मधून, बेटांमधून वाकडीतिकडी जाते. ज्या बाजूला गळ टाकाल त्या बाजूचा परवाना हवा. न्यूयॉर्कमध्ये नियमित हंगाम १५ जून ते ३० नोव्हेंबर, दिवसाला पाच मासे, लांबी किमान बारा इंच. ऑन्टारियोचे दिवस वेगळे आहेत, आणि वसंतात पकडून सोडण्यावरही ठिकाणानुसार बंधनं असतात, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचूनच निघा. व्हिसावर राहणाऱ्यांनी पलीकडच्या किनाऱ्याला बोट लावण्याआधी किंवा नांगर टाकण्याआधी दोनदा विचार करावा. पासपोर्ट आणि कागदपत्रं जवळ असू द्या.

तीस फुटांखालून ओढलेल्या बासच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. तो उलटा तरंगू लागतो आणि खाली जाऊ शकत नाही. अशा खोलीवर फोटोसाठी वेळ काढू नका. हात ओले करा, गळ सोडवा आणि डोकं खाली करून त्याला सरळ पाण्यात सोडा. सुईने हवा काढण्याची रीत आहे, पण ती जाणत्याकडून समोर बसून शिकल्याशिवाय करू नये. एकामागून एक मासे उलटे तरंगताना दिसले, तर ती जागा सोडून वीस फुटांच्या आतल्या उंचवट्यावर जा.