बाईकची हेडलाईट बंद पडली की बल्बच्या मागचा सॉकेटही बघा

हाय-लो बीम दोन्ही एकदम गेले तर लगेच नवीन बल्ब घ्यायला धावू नका, बल्बमधली दोन फिलामेंट (उजेड देणाऱ्या तारा) एकत्र उडणं तसं कमीच, आधी फ्यूज, मग स्विच आणि अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी जोडणी) बघा. सॉकेट काढून पिना नीट बघा, हिरवट गंज किंवा प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं दिसलं तर दुखणं तिथंच आहे. लाईट मंद असेल तर ती चालू ठेवूनच बल्बची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात मल्टीमीटर लावा, अर्धा व्होल्ट जरी दाखवला तरी अर्थिंग खराब समजा (हेडलाईट एसी करंटवर चालणारी बाईक असेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवा). हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका प्लीज.

जादाचे इंडिकेटर जोडताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा आणि कनेक्शन फ्लॅशरच्या (इंडिकेटर ब्लिंक करवणारा रिले) पुढच्या, म्हणजे त्या-त्या बाजूच्या इंडिकेटरच्या वायरवरून घ्या, डावं-उजवं वेगळं. जुने बल्ब काढून एलईडी टाकले आणि फटाफट ब्लिंक व्हायला लागले तर एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवा, रेझिस्टरनेही जमतं पण तो तापतो म्हणून मला नाही आवडत. जॉइंट सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, नुसती टेप पावसात सुटते. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना बघाच.