प्रीअ‍ॅम्प्लिफायर बसवताना या चुका टाळा

महागडा प्रीअ‍ॅम्प्लिफायर (सीडी किंवा रेकॉर्ड प्लेअरचा संकेत निवडून, आवाज कमी-जास्त करून पुढे देणारे यंत्र) घरी आला, जोडणी झाली आणि गाणे सुरू होण्याआधीच स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला, तर बहुतेक जण दोष यंत्राला देतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मीही तेच केले होते. यंत्राच्या पेटीला हात लावला की घरघर कमी होई आणि बोटांना बारीक झिणझिण्या येत, ही खूण खरे तर पुरेशी होती. पण अंगणातला अर्थिंगचा खड्डा पाहायचे मला आठवडाभर सुचले नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते. आमच्या खड्ड्यालगतच्या भेगेत चार बोटे सहज जात होती. कोळसा आणि मीठ नव्याने भरून, अधूनमधून दोन बादल्या पाणी ओतायला लागल्यावर झिणझिण्या थांबल्या.

घरघर घालवण्यासाठी प्लगची जाड तिसरी पिन काढून टाकणे ही सर्वांत घातक चूक होय. त्याने आवाज कधीकधी खरोखरच थांबतो, म्हणूनच हा उपाय गावोगाव टिकून आहे. परंतु आत एखादी तार सुटून पेटीला टेकली, तर २३० व्होल्ट थेट तुमच्या हातात येतात.

त्याऐवजी कारण शोधावे. स्पीकरला ताकद देणारा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून प्रीअ‍ॅम्पला आलेल्या सर्व इनपुट केबल काढाव्यात, पुन्हा सुरू करून ऐकावे, आणि मग दर वेळी बंद करून एकेक केबल जोडत जावी. जी जोडताच घरघर परतते, तिथे दोष असतो. टीव्हीचा आवाज याच यंत्रातून ऐकणाऱ्यांकडे बऱ्याचदा छतावरच्या डिशची केबल गुन्हेगार ठरते, कारण तिचे बाहेरचे जाळीदार आवरण वेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडले जाऊन अर्थचे वेटोळे (ग्राउंड लूप) तयार होते. सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घेतल्यानेही पुष्कळदा काम भागते. रेकॉर्ड प्लेअर असेल, तर त्याची बारीक अर्थची तार प्रीअ‍ॅम्पच्या मागील स्क्रूला बसवायला विसरू नये.

दुसरी नेहमीची तक्रार अशी की, व्हॉल्यूमचे बटण जरासे फिरवताच आवाज घर डोक्यावर घेतो आणि हळू आवाजात एक बाजू दबलेली वाटते. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्टपर्यंत संकेत देतो, तर अनेक पॉवर अ‍ॅम्प्लिफायर त्याहून कमी संकेतावरच पूर्ण ताकदीला पोहोचतात. त्यामुळे बटण कायम तळाशी राहते, आणि तिथेच बटणामागच्या साध्या पोटेन्शिओमीटरच्या (फिरत्या रोधकाच्या) डाव्या-उजव्या बाजूंत सर्वाधिक तफावत असते. प्रीअ‍ॅम्पवर गेनचा (संकेत किती वाढवायचा ते ठरवणारा) स्विच असल्यास तो खाली घ्यावा, नसल्यास दोन्ही यंत्रांच्या मध्ये १० डेसिबलचा अटेन्युएटर (संकेत क्षीण करणारा जोड) लावावा.

रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या फोनो इनपुटवर मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजसाठी (कार्ट्रिज म्हणजे सुई असलेला भाग) ४७ किलोओहमचा इनपुट रोध आणि सुमारे ४० डेसिबल गेन ही प्रचलित मांडणी आहे. मूव्हिंग कॉइल या दुसऱ्या प्रकारच्या कार्ट्रिजला गेन बहुधा ६० डेसिबलच्या आसपास लागतो.

सुरू करताना प्रीअ‍ॅम्प आधी आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर शेवटी, बंद करताना नेमके उलट, हा क्रम घरातल्या पोरासोरांनाही शिकवून ठेवावा, कारण वीज अचानक येऊन उठलेला ‘धप्प’ आवाज स्पीकरचा पडदा खराब करू शकतो. वीज गेली की दोन्ही यंत्रांची बटणे बंद करण्याची सवय आपल्याकडे तरी लागलीच पाहिजे. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नये, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो.

जागा वाचवण्यासाठी प्रीअ‍ॅम्प पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवला जातो, तेही टाळावे. वैशाखात तापमान ४५ अंशांपर्यंत जात असताना खालच्या यंत्राची उष्णता वरच्याला सोसावी लागते, शिवाय मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र फोनो विभागात घरघर उत्पन्न करते. अशा वेळी अर्थिंग तपासून हाती काही लागत नाही. यंत्र दीड-दोन फूट बाजूला सरकवले की ती घरघर ओसरते.