ॲक्सिडेंटनंतर बाईकचे पुढचे शॉकअप बदलताय? आधी या चुका टाळा

गाडी समोरून ठोकली की सगळ्यांची नजर पहिली पुढच्या शॉकअपच्या पाईपवर जाते. पाईप वाकलाय, चाक मागे इंजिनला टेकायला आलंय, मग पुण्याच्या नाना पेठेतल्या पार्टच्या बाजारातून दोन पाईप आणि सील (ऑईल अडवणारी रबरी रिंग) किट आणायचं आणि संध्याकाळपर्यंत बसवून घ्यायचं. चुकतं ते इथेच. धक्का पाईपपाशी थांबत नाही, तो चाकातून एक्सलला (चाकाच्या दांड्याला), एक्सलमधून पाईपला, तिथून खालच्या टीला (दोन्ही पाईप धरून ठेवणारा ब्रॅकेट), मग बॉल रेसरला (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि फटका जोरात असेल तर चासीच्या हेडपर्यंत (जिथे हँडल बसतं तो भाग) पोचतो. वाकलेली टी तशीच ठेवली तर नवा पाईप पण तिरकाच बसणार, आणि मग नवले पुलाच्या उताराला ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढणार. जीवाशी खेळ आहे हा, म्हणून एवढं लिहितोय.

त्याच्याही आधीचं एक. इन्शुरन्स क्लेम टाकायचा असेल तर सर्व्हेयरने (इन्शुरन्स कंपनीकडून नुकसान तपासायला येणारा माणूस) बघायच्या आत गाडी खोलू नका. कंपनीला कळवा, फोटो काढून ठेवा, आणि काढलेले पार्ट क्लेम मिटेपर्यंत भंगारात देऊ नका. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) नसेल तर रबर-प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के कापतात, तो हिशोब आधीच धरा.

हँडल वाकडं दिसतंय म्हणजे शॉकअप गेलेच असं पण नसतं. सिग्नलला हळूच पडलेल्या गाडीत बऱ्याचदा पाईप सरळच असतात, फक्त टीमध्ये फिरलेले असतात. एक्सल आणि टीचे बोल्ट थोडे ढिले करा, पुढचं चाक दोन पायांत घट्ट धरून हँडल सरळ करा, परत कसा. खर्च शून्य. पण एवढं करूनही सरळ येत नाही, किंवा एक्सल हाताने सरकत नाही आणि ठोकूनच बाहेर काढावा लागतोय, तर काहीतरी नक्की वाकलंय.

पाईप सुटा केल्यावर जाड काचेवर हळूहळू फिरवा आणि खालून येणाऱ्या उजेडाकडे बघा, फट कमीजास्त झाली की बेंड आहे. बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिमिट ०.२ मिमी असते, इतका बारीक बेंड नुसत्या डोळ्याला कळत नाही, त्यामुळे शंका असेल तर डायल गेज (बारीक फरक मोजायचं मीटर) असलेल्या लेथवाल्याकडे दाखवून घ्या. आणि प्रेसवर सरळ करून मिळतो म्हणून जास्त वाकलेला पाईप वापरायला जाऊ नका. सरळ दिसला तरी त्या जागी धातू कमजोर झालेला असतो, क्रोमला बारीक तडे जातात, पावसाळ्यात तिथेच गंज धरतो आणि तोच गंज नवीन ऑईल सील कापतो. मग लोक सीलला शिव्या देतात.

आता रेसर. हा बहुतेक जण विसरतात. पुढचं चाक उचलून धरा आणि हँडल एका बोटाने सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मध्यभागी आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बॉलचे ठसे रेसरवर उमटलेत. ग्रीस भरून ते जात नाहीत, सेटच बदला. टी आता निघालेलीच आहे, नंतर परत सगळं खोलायची मजुरी कशाला? टीमध्ये दोन्ही सरळ पाईप घालून बाजूने बघा, एक पाईप दुसऱ्याच्या बरोबर मागे झाकला गेला पाहिजे, नाहीतर टी बेंड आहे. नवीन टी, नवीन पाईप टाकूनही पुढचं चाक मागच्या चाकाच्या लाईनीत येत नसेल तर चासी तपासायला द्या, तिथे जुगाड नको.

खोल-फिटिंगमध्ये सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे पाईपचं वरचं टोपण. आत स्प्रिंग दाबलेली असते, शेवटच्या आट्याला टोपण उडून तोंडावर येऊ शकतं, त्यामुळे तोंड बाजूला ठेवूनच खोला आणि वरून दाब देत राहा. पाईप टीमध्ये घट्ट असतानाच टोपण थोडं ढिलं करून घेतलं तर सोपं जातं.

ऑईलचं तर विचारूच नका. उरलेलं इंजिन ऑईल शॉकअपमध्ये ओतून देणारे आजही भेटतात. ते घट्ट असतं, शॉकअप कडक होतो, खड्ड्यात हातांना दणके बसतात. तुमच्या मॉडेलला सांगितलेल्या ग्रेडचंच फोर्क ऑईल (पुढच्या शॉकअपचं ऑईल) घ्या आणि शॉकअपच्या दोन्ही पायांत, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंत, माप एकसारखं ठेवा. अंदाजाने नाही, मापाने. सील बसवताना पाईपच्या टोकावर ऑईल लावलेली प्लास्टिकची पिशवी चढवा म्हणजे सीलची कड फाटत नाही, आणि स्क्रूड्रायव्हरने ठोकू नका, बरोबर मापाच्या पीव्हीसी पाईपने सारखं दाबत बसवा.

ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) त्याच्या होजवर, म्हणजे नळीवर, लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा, आणि डिस्क कॅलिपरच्या बाहेर असताना ब्रेक लिव्हर अजिबात दाबू नका.

कसताना घाई नको. दोन्ही पाईप वरच्या टीमध्ये एकाच उंचीला आहेत का बघा, टीचे बोल्ट कसा, एक्सलचा नट कसा, मग गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरून शॉकअप चारपाच वेळा दाबा, आणि एक्सलचा पिंच बोल्ट (एक्सलला शॉकअपच्या पायात आवळणारा) त्यानंतर. हा बोल्ट आधी कसला तर पाय तिरके अडकतात आणि शॉकअप मोकळा चालत नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर, केबल कुठे ताणल्या जात नाहीत ना बघा.

मग पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर एक फेरी मारा, आधी हळू ब्रेक, मग थोडा जोरात, आणि परत आल्यावर पाईपवर बोट फिरवा. ऑईलचा ओला गोल दिसला तर सील नीट बसलेलं नाही. नवीन रेसर थोडे बसतात, त्यामुळे दोनतीनशे किलोमीटर झाल्यावर ब्रेक धरून गाडी पुढे-मागे हलवा, हँडलच्या मुळाशी टक टक आलं तर रेसर पुन्हा टाईट करून घ्या.