आरव्हीच्या गॅस लाइनमध्ये तेल साचलं असेल तर काय करावं

आरव्हीमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या प्रवासी गाडीत, शेगडी, फ्रिज, हीटर आणि गीझर सहसा एकाच प्रोपेन गॅसच्या लाइनवर चालतात. फ्रिज पेटेनासा झाला, हीटर टिकटिक करून बंद पडतो, शेगडीची ज्योत पिवळी होऊन भांड्यांच्या बुडाला काजळी धरते, अशी लक्षणं दिसली की अमेरिकेत बरेच जण थेट नवा फ्रिज घ्यायला निघतात. आधी लाइन तपासा. गाडी भाड्याची असेल तर मात्र काहीही न उघडता कंपनीला कळवा.

गॅसचा वास येत असेल तर तपासणी नंतर. सिलिंडर बंद करा, कुठलाही स्विच न दाबता सगळ्यांना बाहेर काढा आणि फोन बाहेरूनच करा. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो.

वास नसेल तर आधी सोपी शक्यता तपासा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटकन उघडला की सुरक्षा झडप प्रवाह अडवते आणि ज्योत बारीक होते. सगळी उपकरणं आणि सिलिंडर बंद करा, पाचेक मिनिटं थांबा, मग व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. आता शेगडी पेटवा. ती नीट जळली आणि फक्त फ्रिज अडला, तर दोष त्याच्या बर्नरमध्ये आहे. तिथे कोळ्याचं जाळं किंवा धुराड्यातून पडलेला गंज सापडतो. शेगडीही मंद असेल तर रेग्युलेटरकडे वळा.

सिलिंडर बंद करा, शेगडीतला उरलेला गॅस जळू द्या, ज्योत आपोआप विझली की तिचा नॉबही बंद करा. आसपास काहीही पेटतं नको. मग सिलिंडरकडून येणारी रबरी नळी रेग्युलेटरपाशी सोडवून तिचं तोंड एका भांड्यात धरा. पिवळसर-तपकिरी, बोटांना चिकटणारं, उग्र वासाचं तेल थेंबथेंब पडलं तर निदान झालं. रबराला मऊ ठेवणारी द्रव्यं प्रोपेनमध्ये विरघळून पुढे येतात, शिवाय गॅसमधले जड घटकही असतात. सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरला तर द्रव प्रोपेनच नळीत शिरतो आणि हे सगळं सोबत ओढून नेतो. हे तेल जमिनीवर ओतू नका, घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

रेग्युलेटर धुऊन पुन्हा वापरायचा मोह होतो, पण तो टाळाच. आतला पडदा तेलाने खराब झाला की दाबाचा भरवसा राहत नाही. नळी आणि रेग्युलेटर दोन्ही नवे बसवा. रेग्युलेटर सिलिंडरच्या व्हॉल्व्हपेक्षा उंच हवा, म्हणजे तेल उलट सिलिंडरकडे ओघळतं. त्याचं हवेचं भोक खाली तोंड करून असावं. हे न करता नुसतं बर्नरचं जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, साफ केलं तर काही दिवसांत तीच तक्रार परत येते.

पुढच्या पाइपातही तेल गेलं असेल तर काम गॅस तंत्रज्ञाला द्या. तो रेग्युलेटर आणि प्रत्येक उपकरण सोडवून मगच पाइपातून हवा किंवा नायट्रोजन सोडतो. उपकरणांचे व्हॉल्व्ह अर्धा पीएसआय (दर चौरस इंचाला अर्धा पौंड) एवढ्या आसपासच्या दाबासाठी बनलेले असतात, कॉम्प्रेसरची हवा त्यांना क्षणात निकामी करते. ऑक्सिजन तर चुकूनही वापरायचा नाही. जेट अल्कोहोलमध्ये भिजवून हवेने फुंकावं. त्यात सुई घातली तर भोक मोठं होतं आणि ज्योत कायमची बिघडते.

सगळं जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा आणि बुडबुडा येतो का बघा. मग तंत्रज्ञाकडून दाब मोजून घ्या. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, इंचांत मोजतात, उपकरणं चालू असताना तो ११ इंचांच्या आसपास असावा. गळतीच्या चाचणीत लाइन ८ इंचांवर बंद करून ३ मिनिटं ठेवतात, दाबमापकाचा काटा हलता कामा नये. पहिल्यांदा शेगडीच पेटवा, पाइपात अडकलेली हवा तिच्यातून लवकर निघून जाते.