जिओहॅशिंगचा बिंदू भलत्याच गावात पडतोय? टूलमधल्या या चुका टाळा

जिओहॅशिंगचा खेळ तसा सोपा. तारीख आणि अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकाचा बाजार उघडतानाचा आकडा जोडून एक ओळ बनवायची. तिचा एमडी५ हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने निघणारी ठराविक लांबीची खूण, काढायचा, त्याच्या ३२ अक्षरांचे (० ते ९ आणि a ते f) १६-१६ चे दोन तुकडे करायचे, ते सोळाच्या पायावरचे आकडे धरून त्यांचे अपूर्णांक बनवून आपल्या अक्षांश-रेखांशाच्या पूर्णांकांपुढे लावायचे. बिंदू पडेल तिथे जाऊन यायचं, मग ते कुणाचं वावर असो की एमआयडीसीतली मोकळी जागा. २००८ च्या मे महिन्यात ‘एक्सकेसीडी’ या वेब-चित्रमालिकेतून ही कल्पना निघाली. हा बिंदू काढून देणारी टूल मात्र हौशी लोकांनी लिहिलेली आणि हौशी लोकांनीच सांभाळलेली असतात, त्यामुळे ती वरचेवर आजारी पडतात.

बिंदू चुकला की सगळे आधी नकाशाला हात घालतात. दोष बहुधा तिथे नसतो. ओळीतलं एक अक्षर बदललं तरी अख्खा हॅश बदलतो, म्हणून ओळ चुकली की बिंदू थोडासा सरकत नाही, थेट दुसऱ्या तालुक्यात जातो. दशांशानंतरचे आकडे बरोबर आणि पूर्णांक वेगळा असेल तर चौकट, म्हणजे एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांशाचा नकाशावरचा चौकोन, चुकली आहे. फरक पाच-दहा मीटरचाच असेल तर ती जीपीएसची नेहमीची चूक, टूल उघडायची गरज नाही.

आधी ओळ तपासा

मूळ चित्रातलं उदाहरण हीच उत्तम चाचणी आहे: २००५-०५-२६-१०४५८.६८. या ओळीतून ०.८५७७१३ आणि ०.५४४५४३ हे अपूर्णांक आले पाहिजेत. इथे अंक मराठीत छापलेत, टूलला मात्र इंग्रजी अंकच द्या. हीच तर पहिली चूक. ब्राउझरच्या भाषेप्रमाणे तारीख लिहिणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन मराठी निवडलेल्या फोनवर देवनागरी अंक देतं. हॅशच्या दृष्टीने ‘५’ आणि इंग्रजी पाच ही वेगळी अक्षरं आहेत. मग एकाच गटातल्या मराठी फोनवाल्यांना एक गाव दिसतं आणि इंग्रजीवाल्यांना दुसरं. तारीख वर्ष, महिना, दिवस असे आकडे वेगवेगळे घेऊन हाताने जोडा. महिना आणि दिवस दोन अंकी हवेत.

दुसरी चूक पहाटेची. उन्हाळ्यात नागपूरकर ऊन तापायच्या आत, पाचला निघतो आणि टूल त्याला कालचा बिंदू दाखवतं. कारण जावास्क्रिप्टच्या ‘टूआयएसओस्ट्रिंग’ फंक्शनने काढलेली तारीख जागतिक वेळेची असते, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत ते टूल कालच्याच दिवशी अडकलेलं असतं. दिवसा तपासणाऱ्याला हा दोष कधीच सापडत नाही.

डाऊचा आकडा संख्या म्हणून साठवू नका, मजकूर म्हणून साठवा. दशांशानंतर दोन अंक हवेतच. १०४५८.६० संख्या झाली की शेवटचं शून्य गळतं आणि हॅश बदलतो. हजाराचा स्वल्पविरामही नको. टर्मिनलवर तपासत असाल तर ‘एको’ ही आज्ञा शेवटी नवी ओळ जोडते. ते बंद करा किंवा ‘प्रिंटएफ’ वापरा.

हॅशपासून अपूर्णांक काढताना १६ अक्षरांचा तुकडा चिन्हासकट ६४ बिटच्या संख्येत भरला, तर पहिलं अक्षर ८ किंवा त्याच्या वरचं असेल तेव्हा उत्तर ऋण येतं. वरच्या चाचणीत दोन्ही अपूर्णांक अर्ध्याच्या वर आहेत, त्यामुळे ही चूक तिथेच उघडी पडते. एक मात्र ही चाचणी पकडत नाही: ०.०५७ सारख्या अपूर्णांकातलं दशांशानंतरचं शून्य गाळून २१.५७ करणारी टूल. ती चाचणी वेगळी करा.

कुठल्या दिवसाचा डाऊ?

३० अंश पश्चिम रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे आपल्याकडेही, त्या तारखेच्या आधी बाजार ज्या दिवशी शेवटचा उघडला त्या दिवसाचा आकडा घेतात. अमेरिकेच्या वेळेने लिहिलेली टूल त्याच दिवसाचा आकडा शोधत बसतात. शनिवार, रविवार आणि सोमवार, तिन्ही दिवसांना आपल्याकडे शुक्रवारचा आकडा लागतो, पण तारीख ज्याची त्याची. सोमवारी टूल रिकामं बसलं तर हा नियम त्यात नाही, असं समजा. सुट्ट्यांचंही तसंच. २०२४ मध्ये ४ जुलै गुरुवारी आला आणि बाजार बंद होता. म्हणून आपल्या ४ आणि ५ जुलैच्या दोन्ही ओळींत ३ जुलैचा आकडा.

न्यूयॉर्कचा बाजार सकाळी साडेनऊला उघडतो. आपल्याकडे तेव्हा मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत संध्याकाळचे सात वाजलेले असतात, उरलेल्या काळात आठ. उद्याचा बिंदू आज संध्याकाळीच कळतो तो यामुळे. मोठी चूक होते ती साठवणीत. पावणेसातला कुणी टूल उघडतं, ‘आकडा अजून नाही’ असं उत्तर येतं, आणि टूल ते उत्तरच रात्रभर जपून ठेवतं. अपयशी उत्तर पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त साठवू नका. मिळालेला आकडा मात्र कायम ठेवा, पुन्हा पुन्हा मागून दुसऱ्याच्या सर्व्हरला त्रास कशाला?

नागपूर चौकटीच्या कोपऱ्यात आहे

नागपूरची चौकट २१, ७९. ती साधारण ११० किलोमीटर उंच आणि १०४ किलोमीटर रुंद आहे. पण शहरातला झिरो माइलचा दगड तिच्या नैऋत्य कोपऱ्यात पडतो. ७९ ची रेषा तिथून पश्चिमेला आठेक किलोमीटरवर, वाडीच्या आसपास जाते, आणि २१ ची रेषा दक्षिणेला सोळा-सतरा किलोमीटरवर, बुटीबोरीच्या अलीकडे. एकच चौकट दाखवणारं टूल नागपूरकरासाठी निम्मं निकामी आहे.

समजा अपूर्णांक .२० आणि .९५ आले. आपल्या चौकटीत बिंदू २१.२०, ७९.९५ वर, म्हणजे पूर्वेला नव्वद किलोमीटर. शेजारच्या चौकटीत तोच बिंदू २१.२०, ७८.९५ वर, झिरो माइलपासून सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आत. किंवा .९२ आणि .०५ घ्या: आपला बिंदू पार मध्य प्रदेशात, पण २० च्या चौकटीतला बुटीबोरीजवळ. म्हणून २१-७९, २१-७८, २०-७९ आणि २०-७८ या चारही चौकटी एकदम काढून जवळचा बिंदू वर दाखवा.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल ही आणखी एक जुनी खोड. लीफलेट या नकाशा दाखवणाऱ्या लायब्ररीला आधी अक्षांश लागतो, जिओजेसन या फाइल-प्रकाराला आधी रेखांश. उलटे पडले तर नागपूरकर ७९ उत्तर, २१ पूर्वला, नॉर्वेच्या स्वालबार्डच्या बर्फात पोचतो. निदान ही चूक लगेच दिसते. फसवी चूक अंश-मिनिटांची: २१.१५ म्हणजे २१ अंश ९ मिनिटं, १५ मिनिटं नव्हे. सहा मिनिटांत अकरा किलोमीटर जातात. दशांशानंतर पाच अंक ठेवले तर अचूकता मीटरभर येते. तीनच ठेवले तर शंभर मीटरच्या घोळात तुम्ही धुऱ्याच्या पलीकडे, दुसऱ्याच्याच वावरात उभे असाल.

नकाशा पांढरा पडला तर

२०१८ च्या जुलैपासून गूगल नकाशाच्या वेब सेवेला ‘की’ (वापराची सांकेतिक किल्ली) आणि बिलिंग खातं लागतं. नकाशा काळवंडून त्यावर ‘फक्त विकासासाठी’ असं इंग्रजीत उमटलं तर कारण हेच. स्टामेन या कंपनीचे नकाशे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर स्टाडिया मॅप्सकडे गेले, जुने पत्ते बदला. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचे तुकडे (टाइल्स) वापरताना श्रेय दाखवणं बंधनकारक आहे आणि घाऊक उतरवायला मनाई आहे. रेफरर, म्हणजे मागणी कुठल्या पानावरून आली ती माहिती, लपवला तरी ते अडतात. पेंचकडे सिग्नल जातो म्हणून तुकडे आधीच उतरवून ठेवायचा मोह होतो. त्यापेक्षा ऑसमअँड या ॲपमध्ये महाराष्ट्राचा ऑफलाइन नकाशा ठेवा आणि बिंदू जीपीएक्स फाइलने त्यात टाका. ‘मी कुठे आहे’ हे बटण चालत नसेल तर पत्त्यात एचटीटीपीएस आहे का, तेवढं बघा.

टूलने दाखवलेला रस्ता पांदण निघू शकतो. पावसाळ्यात काळ्या मातीत तिथे दुचाकी रुतते, म्हणून ‘कार’ऐवजी शेवटचा तुकडा पायी गृहीत धरून हिशेब करा. पेंचचा गाभा, उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य, कामठीची छावणी आणि कोळसा खाणींवर एक लाल थर टाकून ठेवा. बिंदू लाल थरात पडला, तर टूलने आपोआप दुसऱ्या चौकटीतला बिंदू पुढे करावा.