कोटिंग केलेल्या गाडीवरचे पाण्याचे हट्टी डाग काढताना
पुण्यातील अनेक सोसायट्यांत गाड्या बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याने धुतल्या जातात; हे पाणी बहुधा क्षारयुक्त असते आणि उन्हात वाळले की त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सिरॅमिक कोटिंगवर (रंगाच्या संरक्षणासाठी दिलेल्या पातळ, पारदर्शक थरावर) पांढऱ्या कड्यांच्या रूपाने चिकटून राहतात. कोटिंग असले की डाग पडतच नाहीत, हा समज चुकीचा आहे.

गाडी सावलीत उभी करून पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबावे आणि सौम्य कार शाम्पूने आधी धूळ काढावी, कारण धुळीसकट पुसल्यास ओरखडे उठतात. नंतर पांढरे व्हिनेगर व डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळून, एका कोपऱ्यात तपासून, भिजवलेले मायक्रोफायबर कापड डागावर मिनिटभर ठेवावे. क्षार आम्लात विरघळतात, त्यामुळे रगडण्याची गरज नसते. मिश्रण मात्र अजिबात वाळू देऊ नये. हलक्या हाताने पुसून, शक्यतो बोअरवेलऐवजी महापालिकेच्या नळाच्या पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करावे.

तरीही खूण राहिली, तर क्षारांनी कोटिंग कोरले आहे असे समजावे. तेव्हा पॉलिश करावे लागते, पण त्याबरोबर तेवढ्या भागाचे कोटिंगही निघते आणि ते पुन्हा लावावे लागते. हे काम, माझ्या मते, अनुभवी डिटेलरकडेच (गाडीची बारकाईने सफाई व पॉलिश करणाऱ्या कारागिराकडेच) सोपवावे.