रॉक ड्रमिंगमध्ये ठेका कसा बसवावा: क्लिक लावून आणि क्लिक बंद करून

बेळगावच्या वडगावात मी ज्या खोलीत ड्रम शिकवतो, तिच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग आहेत. दिवसभर खटक-खटक चालूच, वीज गेली तरच थांबतात. ठोका मेट्रोनोमसारखा, म्हणजे ठरल्या वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्रासारखा पक्का, पण इतक्या वर्षांत त्यावर कुणाचा पाय हललेला मी बघितला नाही. उलट शिवजयंतीच्या चित्ररथांपुढे हलगी कडाडली की कडेला कट्ट्यावर बसलेल्या आज्ज्यासुद्धा मान डोलावतात. त्या हलगीवाल्याने आयुष्यात कधी क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक, लावून सराव केलेला नसतो.

म्हणून मेट्रोनोम फेकून द्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. हलगीवाला ढिला वाजवत नाही. कुठला ठोका किती जोरात आणि दोन ठोक्यांत जागा किती, याचा त्याचा हिशेब पक्का असतो. तोच हिशेब ड्रमसेटवर कसा आणायचा ते बघू. साहित्य म्हणाल तर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम), हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी) आणि मोबाईल. सेट नसला तर प्रॅक्टिस पॅड आणि फरशीवर आपटायला पाय, एवढ्यावरही निम्मं काम होतं.

आधी स्वतःला ऐका

सगळ्यात साधा रॉक बीट घ्या. चार मात्रा, पहिली-तिसरीवर किक, दुसरी-चौथीवर स्नेअर, हाय-हॅटवर आठ ठोके. टेम्पो ८०, म्हणजे मिनिटाला ८० मात्रा, एक मात्रा पाऊण सेकंदाची. क्लिकवर टेम्पो कानात बसवा, क्लिक बंद करा आणि तीन मिनिटं वाजवा. फिल (मधेच घेतलेली ठोक्यांची छोटी तान) नाही, क्रॅश (मोठी झांज) नाही. मोबाईल आठ-दहा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा, जवळ ठेवला तर आवाज फाटतो.

ते रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका. हात गरम असताना आपलं सगळंच छान वाटतं. दुसऱ्या दिवशी पहिली दहा सेकंदं आणि शेवटची दहा सेकंदं पाठोपाठ लावा. बहुतेकांची लय धावलेली असते. माझा एक जुना जोडीदार मागून ओरडायचा, "पळूलालास की रे!" मला ते पटायचं नाही, पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा पटलं.

जोर वाटून घ्या

माझ्या मते ठेक्याचा मोठा भाग इथेच असतो, आणि नवशिके नेमके इथूनच घाईने पुढे जातात.

हाय-हॅटचे आठही ठोके एकाच जोराने मारलेत की झाला यंत्रमाग. मात्रेवरचा ठोका काठीच्या दांड्याने हाय-हॅटच्या कडेवर मारा, मधला ठोका काठीच्या टोकाने वरच्या बाजूला, हलका. एवढ्याने बीट चालायला लागतो. मग एकूणच हाय-हॅटचा आवाज खाली आणा. भजनात टाळ फार खणखणले की पखवाज बुडतो, तसंच इथे होतं. पत्र्याच्या छपराखाली वाजवत असाल तर आणखी खाली.

आता स्नेअर. दुसरी आणि चौथी मात्रा दर वेळी मधोमध आणि सारख्याच वजनाने पडली पाहिजे. इथे मी अजिबात सूट देत नाही. ऐकणाऱ्याचं अंग याच दोन ठोक्यांवर विसंबून असतं.

रोलिंग स्टोन्स बँडचे ड्रमर चार्ली वॉट्स यांना वाजवताना बघितलं तर एक गंमत दिसते. स्नेअर मारायच्या क्षणी त्यांचा उजवा हात हाय-हॅटवरून वर उचललेला असतो. त्या मात्रेवर स्नेअर एकटीच वाजते, तिच्या वाटेत कुणी येत नाही. हे पाच मिनिटं करून बघा. सुरुवातीला हात अडखळेल, आणि आपण दर मात्रेवर किती गर्दी करत होतो ते कळेल.

नंतर घोस्ट नोट, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या मधले, जेमतेम ऐकू येणारे स्नेअरचे ठोके. काठी कातड्यापासून दोन बोटांपेक्षा वर जाता कामा नये. ते वेगळे ऐकू यायला लागले तर जोर जास्त झाला. (कातडं म्हणायची सवय आहे. ड्रमसेटवर प्लॅस्टिक असतं, त्यामुळे आपल्याकडच्या पावसात ते हलगीसारखं उतरत नाही आणि शेकोटीवर तापवावंही लागत नाही.)

मात्रा तोंडाने मोजा

वाजवताना मोठ्याने मोजायचं. आपल्या सीमाभागात यासाठी एक आयती सोय आहे. मराठीतले एक, दोन, तीन, चार हे एकेका झटक्याचे शब्द, त्यामुळे मधला हाय-हॅट मोजताना सुटतो. कन्नडमध्ये मोजा: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. बोलताना एरडुचं एर्डु होतंच. म्हणजे प्रत्येक आकड्याचे दोन तुकडे, चारांचे आठ. हाय-हॅटचे आठ ठोके तोंडातच तयार होतात. ही युक्ती मला घरी कन्नड बोलणाऱ्या एका विद्यार्थ्यामुळे सापडली. मी त्याला मराठीत मोजायला लावत होतो, तो मनातल्या मनात कन्नडमध्ये मोजून माझ्यापेक्षा बरा वाजवत होता.

क्लिक कमी करत जा

आठवडाभर चारही मात्रांवर क्लिक ठेवा. ठोका अगदी बरोबर पडला की क्लिक तुमच्या आवाजाखाली झाकला जातो. तो ऐकूच येईनासा झाला की समजा जमतंय.

मग मेट्रोनोम ४० वर आणा, पण वाजवा ८० नेच, आणि तो क्लिक दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर आहे असं धरा. पहिल्या दिवशी डोकं उलटंपालटं होतं. जमलं की २० वर आणा, म्हणजे अख्ख्या बारमध्ये (चार मात्रांच्या आवर्तनात) एकच क्लिक. मधल्या तीन मात्रा तुमच्या जबाबदारीवर. शेवटी दोन बार क्लिक चालू आणि दोन बार बंद, अशी सोय असलेलं अॅप वापरा. क्लिक परत येतो तेव्हा तुम्ही पुढे आहात की मागे, हे ध्यानात ठेवा. पुढे असाल तर बहुधा काठी आवळून धरलेली असते. मूठ सैल करा.

मग स्नेअर जरा मागे ओढा

'मागे ओढून' वाजवणं म्हणजे स्नेअर मात्रेच्या केसभर नंतर पडणं. किक आणि हाय-हॅट जागेवरच राहतात. डावी काठी नेहमीपेक्षा वितभर वरून खाली आणा, लांबच्या वाटेमुळे उशीर आपोआप होतो. क्लिकची पायरी झाल्याशिवाय याला हात लावू नका. प्रत्येक स्नेअर सारखीच उशिरा पडली तर ठेका भारदस्त होतो. एक उशिरा, एक लवकर झाली तर ती चूकच, तिला कुठलंही छान नाव देऊ नये.

जाता जाता एक हिशेब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गणपतीच्या मांडवात बेस गिटारचा अँप (आवाज मोठा करणारा खोका) स्टेजच्या दुसऱ्या टोकाला, सहा मीटरवर असेल, तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत १७-१८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तुम्ही त्या उशिराला धरून वाजवता, बेसवाला तुमच्या उशिराला, आणि गाणं जड होत जातं. बेसचा अँप हाय-हॅटच्या शेजारी ओढून घ्या. मांडववाले कुरकुरतील, कुरकुरू देत.

जागेचंही ऐकावं लागतं. लेड झेपेलिन बँडच्या १९७१च्या अल्बमसाठी त्यांचा ड्रमर जॉन बॉनमचा सेट एका गाण्याला हेडली ग्रेंज या घराच्या जिन्याखालच्या दालनात मांडला आणि माईक वर जिन्यावर लावले. ठोके संथ आहेत, त्यामुळे प्रत्येकाचा घुमारा पुरता ऐकू येतो. आपली मंगल कार्यालयंही अशीच घुमतात. तिथे फिल निम्मे करा आणि टेम्पो दोन-चारने उतरवा.

हाताची तयारी

रुडिमेंट म्हणजे काठ्यांच्या ठोक्यांचे पायाभूत नमुने, त्यांची प्रमाण यादी ४०ची आहे. या कामाला त्यातले सिंगल, डबल, पॅराडिडल आणि फ्लॅम रोज वीस मिनिटं, हळू, एवढं पुरतं. पण तंत्राला नाकंही मुरडू नका. रश बँडचे ड्रमर नील पर्ट काटेकोर वादनासाठी जगभर नावाजलेले. १९९०च्या दशकाच्या मध्यात, दोन दशकांची कीर्ती गाठीशी असताना, ते फ्रेडी ग्रुबर या शिक्षकाकडे गेले आणि काठी धरण्याची पद्धतसुद्धा बदलली. ग्रुबर यांचा भर ठोक्यापेक्षा दोन ठोक्यांच्या मधे हात कसा फिरतो यावर असे. हलगीवाल्याचं मनगट बघा, तेच दिसेल.

फिलचा नियम एकच. जो फिल तोंडाने बोलता येत नाही, तो वाजवायचा नाही. कॉलेजात असताना एका स्पर्धेत मी भलामोठा रोल घेतला होता. समेवर आलो तेव्हा गायक पुढच्या ओळीत पोचला होता. टाळ्या पडल्या, नंबर मिळाला नाही.

बँडसोबत

गिटारवाल्याला वीस मिनिटं चहाला पाठवा. तेवढ्या वेळात किक आणि बेस, दोघंच. बेसचा सूर आणि किक मिळून एकच आवाज ऐकू आला पाहिजे. बेसवाला सूर किती लांब धरतो आणि कुठे तोडतो, तेही ठरवून घ्या. स्नेअरच्या आधी बेस तुटला तर स्नेअर दुप्पट मोठी वाटते.

महिन्याभराने तोच तीन मिनिटांचा बीट पुन्हा रेकॉर्ड करा. संध्याकाळी स्वयंपाकघरात हळू आवाजात लावा, काय आहे ते कुणाला सांगू नका. आई भाकरी थापत असेल. थापण्याचा ठोका तुमच्या स्नेअरकडे सरकतोय का, तेवढं बघा. नाही सरकला तर हाय-हॅट आणखी खाली आणा आणि परत रेकॉर्ड करा.